डॉलीमाऱ्या लांडग्यास मोहर्लीहून अनावृत पत्र

श्रीमान जीडब्ल्यू ९५० एम यांस,
मुक्काम बुर्गडोर्फचं रान, हॅनोव्हरजवळ, लोअर सॅक्सनी, जर्मनी

साहेब, लांबूनच नमस्कार.

तुम्ही मला ओळखायचं काही कारण नाही. तुम्हाला मात्र सगळा युरोप ओळखतो. सप्टेंबर २०२२ मधल्या एका रात्री तुम्ही बाइनहोर्न गावात, घराला लागून असलेल्या कुरणात शिरलात आणि डॉली नावाची तीस वर्षांची म्हातारी पोनी मारलीत. जखमेतून नमुने घेतले गेले, डीएनए जुळला, तुमचा नंबर बाहेर आला. इथवर सगळं रीतसर. पण पोनी कुणाची निघावी? उर्सुला फॉन डेर लायन बाईंच्या घरची. म्हणजे युरोपियन कमिशनच्या अध्यक्षबाई, सत्तावीस देशांचे कायदे ज्यांच्या टेबलावरून सुरू होतात त्या. लोअर सॅक्सनीत घोड्यांचा सुकाळ आहे. तरी तुम्हाला नेमकी हीच दिसली. तुमच्या नाकाची कमाल आहे.

आमच्या मोहर्लीत जनावर पडलं की पहिला प्रश्न येतो, ‘‘कोनाचं व्हय?’’ कुणी मारलं हे विचारायची गरजच नसते. कोणाचं, यावर पुढचं सगळं अवलंबून. वजनदार माणसाचा बैल असेल तर पंचनाम्याला येणारे चहासुद्धा न घेता निघतात. गावकुसाबाहेरच्या म्हातारीची शेळी असेल तर उद्या बघू, परवा बघू, तोवर घोरपडी आणि कुत्री पुरावा संपवतात. शिकारीला निघताना तुम्ही हा एवढा एक प्रश्न स्वतःला विचारला असतात तर आज तुमच्या अख्ख्या जातीचं कायद्याचं संरक्षण कमी झालं नसतं.

मी कोण ते सांगते. मी मोहर्लीची. भद्रावती तालुका, चंद्रपूर जिल्हा, ताडोबाचं दार. वडील गेटवर जिप्सी चालवतात. आई उन्हाळ्यात आधी मोह वेचते, मग तेंदूपत्ता तोडते. मी शिष्यवृत्तीवर जर्मनीत वनशास्त्र शिकते आणि सुट्टीत घरी आले आहे. सध्या पावसाळा, कोअरचं गेट बंद, वडील घरी, त्यामुळे पत्र लिहायला निवांत वेळ आहे. जंगलातल्या पोरीनं जंगल शिकायला जर्मनीला जावं याचं गावाला फार हसू येतं. शेजारच्या काकांनी तर विचारलं, ‘‘तिकडं झाडं उलटी उगवतात का गा?’’

काकांना वाटतं तेवढं हे नवीन नाही. १८६४ साली इंग्रजांनी हिंदुस्थानच्या जंगलांचा पहिला इन्स्पेक्टर जनरल नेमला तो तुमच्याच मुलखातला, बॉनचा डिट्रिश ब्रांडिस. मग इथल्या जंगलांवर साहेब म्हणून यायची पोरं जर्मनीला आणि फ्रान्सच्या नान्सीला शिकायला जाऊ लागली. ब्रांडिस निवृत्त झाल्यावरही स्वस्थ बसला नाही. १८८८ ते १८९६ अशी कितीतरी वर्षं तो इंग्रज विद्यार्थ्यांना घेऊन जर्मन जंगलांतून हिंडत होता. वर्गमित्रांबरोबर युरोपात मनसोक्त भटकायचं आणि मग येऊन आमच्या पणजोबांना सांगायचं की गुरं कुठे चारायची नाहीत, सरपण कुठून आणायचं नाही. असा हा अभ्यासक्रम. मी त्याच सहलीच्या शेवटच्या डब्यात चढले, इतकंच. माझ्या आधी चढलेल्यांना खिडकीतून आमचं गाव दिसलं नव्हतं, मला दिसतं.

भटकले मात्र भरपूर, हे कबूल. विद्यार्थ्यांचं सेमिस्टर-तिकीट असतं, त्यावर जलद गाड्या चालत नाहीत, साध्या रिजनल गाड्या चालतात. त्यामुळे जर्मनी मला फलाटावरूनच जास्त समजली. एक गाडी सात मिनिटं उशिरा आली की पुढची चुकते, पुढची चुकली की तासभर बाकावर. त्या बाकांवर आमच्या वर्गाची खरी ओळख झाली. एक घानाचा, कोकोच्या मळ्यातला. एक पोलंडची, जिला सगळ्या पक्ष्यांचे आवाज येतात. एक बर्लिनची, मांसाहार सोडलेली, मनानं फार चांगली. आणि एक ल्यूनेबुर्गच्या माळाकडची, मेंढपाळाची मुलगी, जी कुणाशी फारसं बोलत नसे. मी जवसाची चटणी आणि मोहाचे लाडू नेलेले. चटणीला कुणी हात लावला नाही; लाडू दुसऱ्या स्टेशनच्या आत संपले. मोहाची दारूही होते हे कळल्यावर घानावाल्यानं माझ्याकडे नव्या आदरानं पाहिलं.

वसंतात त्यांच्या जंगलात रानलसूण उगवतो. आम्ही तो खुडायला गेलो. स्वतःच्या स्वयंपाकापुरता मूठभर खुडायला तिथे कुणाची परवानगी लागत नाही, पावती नाही, गार्ड नाही. सगळे वाकून खुडत होते, गाणी म्हणत होते. कुणी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. मी पाहत होते. ती सवय मोहर्लीची. आमच्या बाया मोह वेचायला जातात तेव्हा घोळक्यानं जातात, मोठ्यानं बोलतात, मध्येच एकमेकींना हाका मारतात. कारण वाकलेली बाई वाघाला बाई वाटत नाही, चार पायांचं काहीतरी वाटतं. बर्लिनवालीनं विचारलं, तू सारखी मागे काय बघतेस? मी म्हटलं, तुमच्या जंगलात काहीच नाही याची खात्री करतेय. तिला ते विनोदी वाटलं.

आता तुमच्या घराण्याकडे येते. मे २०२५ मध्ये आम्ही लाउझित्सला गेलो. बर्लिन, कॉटबुस, तिथून होयर्सवेर्डा. तिथल्या किल्ल्यातल्या संग्रहालयात तुमचे एक पूर्वज पेंढा भरून ठेवले आहेत. फेब्रुवारी १९०४ मध्ये त्यांना गोळी घातली. जर्मनीतला शेवटचा लांडगा म्हणून त्यांची नोंद आहे. पण गंमत ऐका. लांडगे तिथून इतके नाहीसे झाले होते की हे जनावर लांडगा असेल हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. कुठल्या तरी सर्कशीतून पळालेला वाघ असावा, असं लोकांना वाटलं. म्हणून त्यांचं नाव पडलं ‘झाब्रोटचा वाघ’. वर्गानं मला पुढे ढकललं, तुझा माणूस आहे, फोटो काढ. काढला. अंगानं आमच्या गावातल्या मोठ्या कुत्र्याएवढा. वडिलांना पाठवला तर त्यांचं उत्तर आलं, ‘‘ह्याले वाघ म्हनत असतीन तं तिकडं गाईडची नोकरी लय सोपी हाय.’’

तो मुलूख मला फार ओळखीचा वाटला. जमीन पोखरलेली, नोख्टेनची उघडी कोळसा खाण, बॉक्सबेर्गच्या वीजकेंद्राचा धूर, आणि दोन भाषांतल्या पाट्या: एक जर्मन, एक सोर्बियन. सोर्ब लोक तिथले मूळचे. कोळशासाठी त्यांची गावं उठवली गेली. आणि याच सगळ्याच्या मधोमध, मुस्काउच्या माळावरच्या लष्करी सराव मैदानात, २००० साली तुमच्या लोकांनी पहिली पिल्लं घातली. पोलंडमधून चालत येऊन. तोफा चालू आहेत, खाणी चालू आहेत, आणि लांडगी निवांत बाळंत होते आहे. माझा वर्ग थक्क झाला. मी झाले नाही. आमच्याकडे दुर्गापूरच्या खाणीत वाघ फिरतात, वीजकेंद्राच्या आवारात फिरतात. त्या केंद्राला पाणी पुरवणाऱ्या इरई धरणाचं बॅकवॉटर मोहर्लीच्या दाराशी येतं. कोळसा, वीजकेंद्र, उठवलेली गावं आणि नखं-दात असलेलं जनावर. चंद्रपूरला आणि लाउझित्सला जुळी गावं म्हणून घोषित करायला हरकत नाही. गोंडीतली पाटी तेवढी आमच्याकडे अजून लागायची आहे.

तुम्ही वाढलातही झपाट्यानं. २०२३-२४ च्या मोजणीत जर्मनीत तुमचे २०९ कळप होते, एकूण १,६०१ जण. सगळ्या युनियनमध्ये वीस हजारांच्या वर. वर्षाला पासष्ट हजारांच्या वर जनावरं मारता, बहुतेक मेंढ्या. माणूस? गेल्या चाळीस वर्षांत एकही नाही. हे तुमच्यावर सूड उगवायला बसलेल्या कुणी नव्हे, खुद्द कमिशनच्या अहवालानं लिहिलं आहे. एका बाजूला शून्य आणि दुसऱ्या बाजूला डॉली, असा तुमचा हिशोब होता.

डॉली जड ठरली. तुम्हाला गोळी घालायचा परवाना निघाला होता, तो जानेवारी २०२३ अखेर संपला आणि तुम्ही काही सापडला नाहीत. मग ४ सप्टेंबर २०२३ ला कमिशननं जाहीर केलं की लांडग्यांचे कळप हा खरा धोका झाला आहे, ज्याला जे सांगायचं ते २२ सप्टेंबरपर्यंत कळवा. अठरा दिवस. साहेब, आमच्या गावच्या वनहक्काच्या अर्जावर अठरा दिवसांत शिक्कासुद्धा वाळत नाही. ३ डिसेंबर २०२४ ला स्ट्रासबुर्गमध्ये युरोपातल्या वन्यजीवांसाठीच्या बर्न कराराच्या समितीनं तुमचं नाव ‘काटेकोर संरक्षित’ यादीतून काढून नुसत्या ‘संरक्षित’ यादीत टाकलं. आणि ८ मे २०२५ ला युरोपियन पार्लमेंटनं ३७१ विरुद्ध १६२ मतांनी त्यावर आपल्याकडची मोहोर उठवली. याचा डॉलीशी काही संबंध आहे असं म्हणणं हे कोत्या मनाचं लक्षण आहे. मी म्हणत नाही. घोडी मेली हा योगायोग, ती बाईंची होती हा योगायोग, पुढचं सगळं शास्त्र.

८ मे गुरुवार होता. होयर्सवेर्ड्याची आमची सहल शनिवारी, १० मेला. गाडीत दुसरा विषयच नव्हता. बर्लिनवाली रडवेली झाली होती. एका म्हाताऱ्या पोनीपायी अख्ख्या खंडाचा कायदा फिरवला म्हणत होती. सगळे तिच्या बाजूचे. मीही. मेंढपाळाची मुलगी खिडकीबाहेर बघत होती.

त्याच दिवशी माझ्या फोनवर गावाकडचे निरोप यायला लागले. सिंदेवाही तालुक्यातल्या मेंढा (माल) गावच्या तीन बाया तेंदूपत्ता तोडायला गेल्या होत्या. वाघिणीनं तिघींनाही मारलं. एकाच दिवशी, एकाच जागी. मी आईला फोन लावला. ती घरी होती, पण दुसऱ्या दिवशी जाणार होती. तेंदूचा हंगाम पंधरा-वीस दिवसांचा असतो साहेब, पानं ना वाघासाठी थांबतात ना दुखवट्यासाठी. संकलनाच्या फळीवर पुडकी मोजून दिली तरच वर्षाचं मीठमिरची-कपडालत्ता निघतं.

वर्गाला सांगितलं. सगळ्यांना वाईट वाटलं, खरंच वाटलं. मग बर्लिनवालीनं हळूच विचारलं, ‘‘पण वाघिणीला काही करणार नाहीत ना?’’

तिचा राग आला नाही. ती शाळेत असताना तिनं अवनीसाठी सही केली होती. अवनी म्हणजे यवतमाळची टी-१ वाघीण. तेरा माणसं मारल्याचा आरोप होता, सुप्रीम कोर्टापर्यंत प्रकरण गेलं, नोव्हेंबर २०१८ मध्ये गोळी घातली, मुंबईत मोर्चे निघाले, परदेशातून सह्या आल्या. त्या सह्यांमधली एक माझ्या समोरच्या सीटवर बसली होती आणि माझ्याच आईनं केलेला लाडू खात होती. आता काय म्हणायचं? मी म्हटलं, करणार नाहीत, बहुतेक पिंजऱ्यात घालून नेतील. ऐकून तिला बरं वाटलं.

‘‘रात्री राखायला कोण असतं? कुंपण कसलं आहे?’’ हा प्रश्न मेंढपाळाच्या मुलीनं विचारला. अख्ख्या डब्यात कामाचा प्रश्न तेवढा एक. मग ती पहिल्यांदाच बोलायला लागली. वडिलांनी विजेचं कुंपण घातलंय, राखणीची कुत्री पाळलीत, सरकार पैसे देतं, पण दर दोन तासांनी उठून तारेत वीज आहे का ते वडीलच बघतात, मंत्री बघत नाही. शहरातली माणसं लांडगा परत आल्याचा आनंद करतात, आणि झोप तिच्या बापाची जाते. मी तिला सितारामपेठेचं सांगितलं: मोहर्लीला लागून गाव, तिथे वाघ ओळखणारे कॅमेरे बसवलेत, वाघ दिसला की भोंगा वाजतो. गावोगावी प्राथमिक बचाव दलाची पोरं काठ्या घेऊन उभी असतात. तिनं विचारलं, भोंगा वाजल्यावर लोक काय करतात? मी म्हटलं, घरात असतात ते घरात राहतात. शेतात असतात त्यांना ऐकू जात नाही.

तिला तुम्ही मेलेले हवे आहात. मला वाघ मेलेला नको आहे. तो गेला तर वडिलांची जिप्सीही गेली, हे मला कुणी शिकवायला नको. तरी त्या डब्यात माझं सगळ्यात जास्त तिच्याशीच जमलं. उरलेल्या सगळ्यांचं जनावरांवर प्रेम होतं. आम्हा दोघींना त्यांच्या शेजारी राहावं लागतं.

तुमच्या बाबतीत युरोपचं मन समजायला मला वेळ लागला. वाघावर त्यांचं फार प्रेम, तो हजारो किलोमीटर लांब असल्यामुळे. तुमच्यावरही होतं, तुम्ही नामशेष होतात तोवर. आमच्या भारतीयांनी वाघाबरोबर किती शहाणपणानं राहावं यावर त्यांचे अहवाल, चित्रपट, निधी. ती शिकवणी आम्ही मुकाट घेतो. फक्त एका गोष्टीची गंमत वाटते: ज्यांनी शिकवलं, त्यांचा पहिलाच पेपर डॉलीनं घेतला आणि त्यात त्यांनी कॉपी न करता नापास होऊन दाखवलं.

आमचेही लोक काही कमी नाहीत, गैरसमज नको. तुम्हाला तिथे नुसता नंबर आहे. इथे असतात तर नाव पडलं असतं, चाहते असते, सहा-सहा जिप्स्या तुमच्या शेपटीमागे असत्या. माया वाघीण ताडोबाची राणी म्हणून गाजली. २० नोव्हेंबर २०२१ ला व्याघ्रगणनेच्या कामासाठी पायी फिरणाऱ्या वनरक्षक स्वाती ढुमणे यांना मायानं मारलं. त्यानंतरही पर्यटकांचा पहिला प्रश्न तोच राहिला, ‘‘माया दिसेल ना?’’ ढुमणे यांच्याबद्दल विचारणारे असतात, अगदीच नाही असं नाही. पण त्यांच्यासाठी कुणी सफारीचं बुकिंग करत नाही.

वाघानं माणूस मारला की आमचं सरकार वारसांना पंचवीस लाख देतं. रक्कम मोठी आहे. पण पैसे मिळाले की प्रकरण मिटलं असं धरतात. तीन बायांनंतर कुठलं पार्लमेंट बसलं नाही, कुणी अठरा दिवसांची मुदत देऊन ‘तुमचं म्हणणं कळवा’ असं म्हटलं नाही. म्हणजे वाघ मारा, असं आम्हाला कळवायचं नव्हतंच. पत्ता तोडायला जाताना सोबत कोण असेल, झाडीच्या कोणत्या भागात वाघीण पिल्लांसह आहे हे आदल्या रात्री कोण सांगेल, हंगामात दोन दिवस काम थांबलं तर त्या दोन दिवसांची मजुरी कोण देईल, एवढंच. हे विचारायला स्ट्रासबुर्ग लागत नाही. पण विचारायला कुणाचं तरी काहीतरी मरावं लागतं, आणि ते ‘कोनाचं’ हे महत्त्वाचं.

परवा आईला मी तुमची गोष्ट सांगितली. तिला वाटलं मी थट्टा करतेय. ‘‘तीस वरसाची घोडी? मंग ते तं तशीबी मेलीच असती.’’ मग बराच वेळ तांदूळ निवडत राहिली आणि म्हणाली, ‘‘त्या बाईनं अर्ज कोन्या हापिसात देल्ला, तेवढं इचारून ठेव.’’

तर साहेब, पत्राचं कारण हे. आईला ऑफिसचा पत्ता हवा आहे, आणि तो तुमच्याकडेच आहे. आमच्या वाघांना तुमची विद्या येत नाही. ताकद आहे, दबा धरणं आहे, पण जनावर निवडताना मालक बघायची अक्कल नाही. जे दिसलं ते मारतात. आणि आमच्याकडे जे दिसतं ते नेमकं गरिबाचंच असतं, कारण श्रीमंताचं जनावर जंगलात चरायला येत नाही. तेव्हा आपण एकदा इकडे येऊन चार दिवसांचं शिबिर घ्यावं, अशी मोहर्लीकरांच्या वतीनं विनंती. येण्यात तुमचा फायदाही आहे. तिकडे तुमचा दर्जा घसरला. इथे भारतीय लांडगा अजून वाघाच्याच बरोबरीनं अनुसूची एकमध्ये आहे. विमान नागपूरला उतरतं, पुढे रस्ता चांगला आहे. मंगळवारी येऊ नका, कोअर बंद असतो. मोबाइल आत नेता येत नाही.

शिबिराचं प्रात्यक्षिक मात्र मोहर्लीत होणार नाही, हे आधीच सांगते. इथे तुमच्या तोडीचा एकही घोडा नाही. त्यासाठी मुंबईला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर जावं लागेल. तिथल्या घोड्यांचे मालक चांगले वजनदार असतात, त्यांच्यातल्या कुणाचा तरी फोन योग्य ठिकाणी नक्की लागतो. तिथला हंगाम हिवाळ्यात असतो. पावसाळ्यात यायचं ठरवलंत तर पुण्याच्या रेसकोर्सवर जा, घोडे तेव्हा तिकडे असतात.

कळावे,
मोहर्लीची एक वनविद्यार्थिनी